तीस अक्षरं, दोन क्रम आणि एक पत्र



या देशात आल्यावर आपल्यापैकी बहुतेकांचं पहिलं अरबी शिक्षण होतं ते रस्त्यावरच्या पाट्यांवरून. अबू धाबी, अल ऐन, रास अल खैमा, उम्म अल कुवैन. महिनाभरात नावं तोंडात बसतात, पण त्यांचा अर्थ विचारायला वेळ कुणाला असतो? अबू म्हणजे बाप आणि धाबी (मूळ उच्चार ‘झबी’च्या जवळचा) म्हणजे हरीण. ऐन म्हणजे डोळा, आणि पाण्याचा झराही. रास म्हणजे डोकं किंवा टोक, खैमा म्हणजे तंबू. उम्म म्हणजे आई.

आता गंमत ऐका. बाप, हरीण, डोळा, डोकं, तंबू, आई हे सगळे शब्द साधारण ३,२०० वर्षांपूर्वी, इथून सुमारे दोन हजार किलोमीटरवर, सीरियाच्या समुद्रकाठच्या एका शहरात कुणीतरी ओल्या मातीच्या पाटीवर लिहून ठेवले आहेत. त्या भाषेत बापाला ‘अब’, आईला ‘उम’, डोक्याला ‘रिश’. तंबू ‘ख-म-त’ असा लिहिलाय आणि हरीण ‘झ-ब-य’. ही भाषा अरबी नाही, अरबीची एक जुनी चुलत बहीण आहे. तिचं नाव उगारिती, शहराचं नाव उगारित. आणि ती ज्या तीस अक्षरांत लिहिली गेली, त्या अक्षरांची ही गोष्ट.

मी पेशाने आयटी कन्सल्टंट, शिक्षणाने कॉम्प्युटर इंजिनिअर. इतिहासाशी माझं नातं हौशी वाचकाचं. पण लिपी, कोड, अक्षरांचे नंबर हा विषय निघाला की आमच्या जमातीतल्या माणसाला राहवत नाही!

नांगराला लागलेला दगड

१९२८ साली सीरियातल्या लताकिया शहराजवळ मिनेत अल बैदा या ठिकाणी एक शेतकरी नांगरत होता. नांगर एका दगडाला अडला. दगड हलवला तर खाली बांधीव थडगं! त्या वेळी सीरियावर फ्रेंचांची सत्ता होती. १९२९ साली क्लोद शेफर यांच्या हाताखाली उत्खनन सुरू झालं आणि लवकरच ते जवळच्या टेकाडावर, रास शामरावर सरकलं. (इथेही ‘रास’ आहेच. शामरा म्हणजे बडीशेप.) त्याच वर्षी मे महिन्यात मातीच्या पाट्या निघायला लागल्या.

पाट्यांवरची लिपी लांबून ओळखीची दिसत होती. ओल्या मातीवर बोरूचं टोक दाबून पाचरीसारख्या खुणा करायच्या, ही इराकमधली जुनी क्यूनिफॉर्म पद्धत. पण त्या लिपीत चिन्हं शेकड्यांनी असतात. इथे मोजली तर फक्त तीस! शिवाय दोन शब्दांच्या मध्ये एक छोटी उभी खूण. म्हणजे चिन्हांचं वळण जुनं, पण आतली सिस्टिम पूर्णपणे वेगळी. एका ध्वनीला एक अक्षर, अशी ती वर्णमाला होती. लिहिण्याची दिशाही आपल्यासारखी डावीकडून उजवीकडे.

ती उलगडली कशी, हे आमच्यासारख्या डीबगिंग करणाऱ्यांनी वाचण्यासारखं आहे. शार्ल विरोलो या फ्रेंच अभ्यासकाने पाट्यांचा मजकूर फार थांबून न राहता प्रसिद्ध करून टाकला. त्याच्या लक्षात आलं होतं की खोदकामात सापडलेल्या काशाच्या कुऱ्हाडींवर जी अक्षरं आहेत, तीच एका पाटीच्या सुरुवातीला आहेत, फक्त त्यांच्या आधी एक जास्तीचं अक्षर आहे. कुऱ्हाडीवर मालकाचं नाव किंवा हुद्दा असणार आणि पाटी म्हणजे त्याला लिहिलेलं पत्र. मग ते जास्तीचं अक्षर म्हणजे आपल्या मराठीतला चतुर्थीचा ‘ला’! अमक्याला. या कुळातल्या भाषांमध्ये त्यासाठी ‘ल’ वापरतात. पुढे १९३० साली जर्मनीत हान्स बाउअर आणि जेरुसलेममध्ये एदुआर दोर्म या दोघांनी तोच धागा ओढत बहुतेक अक्षरं सोडवली. दोर्म यांनी पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैन्यासाठी गुप्त संदेश फोडण्याचं काम केलेलं होतं. तिघांनी एकमेकांच्या चुका दुरुस्त केल्या आणि वर्षा-दीड वर्षात एक मेलेली लिपी बोलायला लागली. ना रोझेटासारखा दुभाषी दगड, ना कॉम्प्युटर!

तो ‘ल’ तुम्ही रोज पाहता बरं का. इथल्या इमारतींवर ‘टू रेंट’च्या पाट्या लागतात त्यावर अरबीत ‘लिल-इजार’ लिहिलेलं असतं. भाड्याने देण्यासाठी. त्यातला पहिला ‘ल’ तोच.

तेव्हाची दुबईच म्हणा ना

उगारित हे बंदर होतं. सायप्रसचं तांबं, ईजिप्तचा माल, हित्ती साम्राज्याची खंडणी, सगळं तिथून ये-जा करायचं. शहरात अनेक देशांचे व्यापारी. दोन राज्यांमधला पत्रव्यवहार व्हायचा अक्कादी भाषेत. त्या काळची ती इंग्रजीच. उत्खननात सुमेरी, अक्कादी, हुर्री, हित्ती, ईजिप्ती असं भाषांचं कडबोळं सापडलं. चार भाषांतले शब्द शेजारी-शेजारी लिहिलेले कोशसुद्धा निघाले. ऑफिसात एक भाषा, बाजारात दुसरी, घरी तिसरी. ओळखीचं वाटतंय ना?

अशा शहरात घरच्या भाषेसाठी वेगळी लिपी घडवली गेली, ही मला त्यातली मोठी गोष्ट वाटते. अक्कादीत काम भागत होतंच. तरी या मंडळींनी आपल्या बोलीला तीस अक्षरं दिली आणि त्यांत सगळं लिहिलं. बआल देवाच्या आणि किर्ता राजाच्या लांबलचक कथा तर लिहिल्याच. (किर्ताच्या कथेत दरबारातल्या सरदारांना बैल आणि हरणं म्हटलंय. अबू धाबीतलं हरीण ते हेच!) इलिमिल्कू नावाच्या लेखनिकाने या कथांच्या पाट्यांवर आपलं नावही नोंदवून ठेवलंय. पण त्याबरोबर दारूच्या वाटपाच्या याद्या, गावांचे कर, आजारी घोड्यांची औषधं आणि घरगुती पत्रं, असंही पुष्कळ लिहिलं.

करंगळीएवढी पाटी

१९४८ साली रास शामराला एक पाटी सापडली. लांबी जेमतेम पाच सेंटिमीटर, म्हणजे करंगळीएवढी. तिच्यावर मजकूर नाही. फक्त तीस अक्षरं, ओळीने. म्हणजे आपली अंकलिपी! अशा सरावाच्या पाट्या तिथे आणखीही मिळाल्या आहेत.

त्या पाटीवरचा क्रम असा सुरू होतो : अ, ब, ग... थोडं पुढे द, ह, व, झ. अरबीत जुन्या क्रमाला ‘अबजद’ म्हणतात, तो हाच. आज शाळेत अरबी अक्षरं दिसण्यातल्या साम्यावरून लावलेल्या क्रमाने शिकवतात – अलिफ, बा, ता, था. पण माझ्या मुलीच्या अरबीच्या वर्कशीटवर प्रश्नाच्या पर्यायांना नंबर दिलेले असतात ते अलिफ, बा, जीम, दाल असे. आपल्याकडे जसे अ, ब, क, ड. इंग्रजीतले ए, बी आणि डी, ग्रीकमधले आल्फा, बीटा, गामा, डेल्टा, हिब्रूतले आलेफ, बेत, गिमेल, दालेत याच ओळीतले. गंमत म्हणजे उगारितच्या पाचरींपासून यातलं एकही अक्षर आलेलं नाही. ती अक्षरं फिनिशियन वळणाची, वेगळी. आकार वेगळे, क्रम मात्र एक!

त्या तीस अक्षरांत आणखी एक खुबी आहे. शेवटची तीन अक्षरं मागाहून जोडलेली आहेत. जुन्या सत्तावीसांच्या मध्ये कुठेही न घुसवता सरळ शेपटीला लावली. अरबांनी पुढे तेच केलं. त्यांना वारशाने बावीस अक्षरं मिळाली, ध्वनी होते अठ्ठावीस. मग जास्तीची सहा अबजदच्या शेवटी. आमच्या भाषेत याला बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी म्हणतात. जुन्या यादीला हात लावायचा नाही, कारण ती लोकांना तोंडपाठ असते. युनिकोड करतानाही जुन्या ॲस्कीचे पहिले १२८ नंबर जसेच्या तसे ठेवले, त्याचं कारण हेच. (उगारिती लिपीला स्वतःचे युनिकोड नंबर मिळाले २००३ साली. आता ती मोबाइलवरही उमटू शकते.)

दुसरा क्रम, आणि म्लैहा

इथपर्यंतची कथा पुष्कळ पुस्तकांत मिळते. पण उगारितमध्ये १९८८ साली आणखी एक छोटी पाटी निघाली, तिच्यावर अक्षरांचा क्रम अबजद नव्हता. तो होता ह, ल, ह, म... (यातला दुसरा ‘ह’ घशातून काढायचा). अशीच एक पाटी १९३३ साली पॅलेस्टाईनमधल्या बेथ शेमेशला मिळाली होती, पण तिचा क्रम पन्नासेक वर्षं कुणाच्या लक्षात आला नव्हता. हा ‘हलहम’ क्रम कुठला? तर थेट येमेनचा! दक्षिण अरबस्तानात दगडांवर कोरायची जी देखणी, भूमितीतल्यासारखी सरळ रेषांची लिपी होती, तिची मुळाक्षरं या क्रमाने शिकवत. इथिओपियातली मुलं आजही आपली अक्षरं ‘हा, ला, हा, मा’ अशीच म्हणतात. त्या लिपीचे आपल्याला मिळालेले शिलालेख उगारितनंतर शेकडो वर्षांनी सुरू होतात. म्हणजे क्रम आधी घडला, तो मिरवणारी दगडावरची अक्षरं नंतर आली.

आणि आता आपल्या दारात या. शारजाच्या वाळवंटात, अल फाया डोंगराच्या शेजारी म्लैहा आहे. २०१६ पासून तिथे सुंदर पुरातत्त्व केंद्र आहे. आपण मंडळी तिथे बहुधा जीपमधून वाळूत उड्या मारायला आणि रात्री तारे बघायला जातो. पण इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकापासून पुढची पाच-सहाशे वर्षं ते एक भरभराटीचं शहर होतं. ग्रीसच्या ऱ्होड्स बेटावरून आलेल्या दारूच्या रांजणांचे शिक्के मारलेले कान तिथे सापडलेत. सिकंदराच्या नाण्यांची नक्कल करून स्थानिक नाणी पाडायचा साचा सापडलाय. आणि लिहिलेले दगड सापडलेत.

त्यातला एक दगड खास. बेल्जियमच्या पथकाला म्लैहाच्या एका भव्य थडग्यात तो मिळाला आणि २०१६ साली त्याचं वाचन प्रसिद्ध झालं. ओमानच्या राजाच्या पदरी असलेल्या एका माणसाचं ते थडगं, त्याच्या मुलाने बांधलेलं. काळ इ.स.पू. २२२ ते २१४ च्या दरम्यान. ‘ओमान’ हे नाव लिहिलेलं मिळण्याचा हा अतिशय जुना पुरावा. पण मला भावलं ते वेगळंच. त्या दगडावर दोन भाषा आणि दोन लिप्या आहेत. एक दक्षिण अरबी वळणाची, म्हणजे हलहम क्रमाच्या घराण्यातली. दुसरी आरामी, म्हणजे अबजद क्रमाच्या घराण्यातली. उगारितच्या शाळेत मातीच्या दोन पाट्यांवर असलेले दोन क्रम हजार वर्षांनी शारजात एका मुलाने बापासाठी कोरवलेल्या एकाच दगडावर शेजारी उभे आहेत! आपण रोज पाहतो त्या दुभाषी पाट्यांची परंपरा या देशात किमान बावीसशे वर्षांची आहे, असं म्हणायला हरकत नाही.

आपला काय संबंध?

तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक, पण दिवाळी अंकात सीरिया आणि येमेन कशाला? तर त्याच इ.स.पू. तिसऱ्या शतकात अशोकाने कंदाहारला आपला आदेश ग्रीक आणि आरामी अशा दोन भाषांत कोरवला होता. म्लैहाच्या दगडावरच्या आरामीचीच ही भावंडं. आणि त्याच अशोकाचा आदेश ब्राह्मी लिपीत आपल्या नालासोपाऱ्यालाही होता. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना त्याचा तुकडा सापडला. ब्राह्मी आरामीवरून सुचली का, यावर विद्वानांचे वाद आहेत, त्यात मी पडत नाही. पण एक फरक ठळक आहे. अबजद असाच का, याचं पटेल असं कारण कुणाला देता आलेलं नाही. आपली वर्णमाला मात्र तोंडाच्या आतल्या नकाशावर बसवलेली आहे. कंठ, तालू, मूर्धा, दात, ओठ. क-ख-ग-घ म्हणून पाहा, घशापासून ओठापर्यंत प्रवास होतो.

अबजद कोकणातही पोहोचला. रायगड जिल्ह्यातले बेने इस्रायली, ज्यांना शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गावकरी ‘शनिवार तेली’ म्हणायचे, ते घरात मराठी बोलत आणि प्रार्थना हिब्रूत करत. १८४६ साली मुंबईत छापलेल्या त्यांच्या हग्गादात हिब्रू आणि मराठी मजकूर एकत्र आहे. आलेफ-बेत आणि अ-आ-इ-ई एका पुस्तकात!

आणि आकार गेला तरी क्रम राहतो, हे आपल्यालाही नवं नाही. मोडी घ्या. क-ख-ग तेच, वळण वेगळं. काही शतकं महाराष्ट्राचा सगळा कारभार मोडीत चालला. मग छपाई आली, बाळबोध आली, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळेतून आणि कचेरीतून गेली. आज पुण्याच्या पेशवे दफ्तरातले रुमाल वाचायला खास अभ्यास केलेली माणसं लागतात. पणजोबांच्या जमिनीचा कागद पणतूला वाचता येत नाही.

उगारितचं याहून वाईट झालं. इ.स.पू. ११८५ च्या सुमारास शहर जळालं आणि पुन्हा वसलं नाही. ती लिपी वापरात होती जेमतेम दोनशे वर्षं, आणि तीही मुख्यतः त्या एका शहरात. लिहिणारी माणसं पांगली. पुढच्या पिढीला ती शिकवायला कुणी उरलं नाही. तीन हजार वर्षं त्या पाट्या मातीत होत्या आणि त्यांची ओळख सांगणारं जगात कुणीही नव्हतं. शेजारच्या गावांत मात्र अबजद म्हणणारी मुलं होती. म्हणून क्रम वाचला, लिपी गेली.

मला या विषयाने धरून ठेवलं ते इथे. आपली मुलं इथे मराठी बोलतात, छान बोलतात. पण लिहितात? माझ्या वडिलांची काही वर्षं मस्कतला नोकरीत गेली. नव्वदच्या दशकात आजी त्यांना गावाहून पत्र लिहायची. ती पत्रं आमच्याकडे आहेत. माझी मुलगी व्हिडिओ कॉलवर सगळ्यांशी मराठीत गप्पा मारते, पण पणजीची पत्रं हातात दिली तर तिला ती चित्रासारखी दिसतात. व्हॉट्सॲपवर आपण मोठी माणसंसुद्धा ‘kasa ahes’ छापाचं मराठी रोमन अक्षरांत लिहितो. म्हणजे मोडी जायला शंभरेक वर्षं लागली, आपल्या घरातली देवनागरी एका पिढीत जाईल. त्यासाठी शहर जळायचीही गरज नाही.

उगारितच्या पाट्यांमध्ये एक छोटं पत्र आहे. तल्मियान आणि अहातमिल्कू या दोघांनी लिहिलेलं. सुरुवात होते ‘ल उमी’ अशी. माझ्या आईला. कुऱ्हाडींच्या कोड्यातला तो ‘ल’, आणि पुढे उम्म अल कुवैनमधली ‘उम्म’. मजकूर काय? आईच्या पाया पडतो, देव तुला सांभाळोत, इथे आमचं सगळं ठीक आहे, तिथे तुझं जे काही बरं असेल ते उलट टपाली कळव. ‘येथील क्षेम जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे’ हे आपण आपलंच समजत होतो!

देवादिकांच्या कथांनी लिपी मोठी होते, पण ती रोज जगते ती अशा पत्रांवर आणि किराणाच्या यादीवर. आमच्याकडे या वर्षी दिवाळीच्या फराळाची यादी मुलीने देवनागरीत लिहिली. ‘चकलीची भाजणी’ मधला ज जरा वाकडा आला. दुकानात मी तीच यादी घेऊन गेलो. आता तिने पणजीच्या एका पत्राचा मायना लावला आहे. ‘चि.’ म्हणजे काय, इथे गाडी अडली होती, ती सुटली. पुढच्या ओळीवर आम्ही या शनिवारी बसणार आहोत.

सर्वांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा. इथे सगळं क्षेम आहे. तुमचं कळवा, आणि शक्यतो देवनागरीत!